तिसऱ्या, चुनखडक आणि बॉम्बे हाय

१९७४ सालचा फेब्रुवारी महिना. मला शाळेत लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. बी.ए.ला माझा विषय इतिहास. पण आमच्याकडे इतिहासाच्या बाईंनाच भूगोलही घ्यावा लागे, तसा तो माझ्या गळ्यात पडला. शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. वर्तमानपत्र दुपारच्या एस.टी.नं यायचं. त्या दिवशी ते आलं आणि आमचे हेडमास्तर ते हातात घेऊनच वर्गावर्गांतून फिरले. मुंबईपासून शंभर मैलांवर, भर समुद्रात, खनिज तेल लागलं होतं.

त्या बातमीनं आम्हाला किती आनंद झाला, ते आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. १९७३च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं आणि पुढच्या काही महिन्यांत तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. देशाला लागणारं बरंचसं तेल बाहेरून यायचं. गावात रॉकेलसाठी डब्यांची रांग लागे, आणि आमची निम्मी मुलं कंदिलाच्या उजेडात अभ्यास करत. अशा वेळी आपल्याच समुद्रात तेल! मी फळ्यावर महाराष्ट्राचा किनारा काढला, मुंबईच्या डाव्या हाताला एक ठिपका दिला आणि मोठ्या उत्साहानं सांगितलं, "समुद्राच्या तळाखाली तेलाचं एक मोठं तळं आहे. त्यात आता नळी घातली आहे."

हे मी सांगितलेलं पहिलं चूक वाक्य. दुसरं दोन वर्षांनी सांगितलं, आणि ते मला जास्त सलतं.

मे १९७६मध्ये बॉम्बे हायचं तेल प्रत्यक्ष बाहेर यायला लागलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आठवीच्या वर्गात मी हा विषय पुन्हा काढला. तोवर कुठेतरी वाचनात आलं होतं, की हे तेल चुनखडकात सापडलं आहे. मग मी मुलांना टिपण लिहून दिलं: "चुनखडक हा खोल समुद्राच्या तळाशी शंख-शिंपल्यांचे थर साचून तयार होतो."

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांची होडी होती. तो म्हणाला, "बाई, तिसऱ्या तर खाडीत गुडघाभर पाण्यात मिळतात. कालवं ओहोटीला उघडी पडतात. खोल पाण्यात त्या राहतीलच कशा?" मी काही बोलायच्या आत त्यानं पुढचाही प्रश्न विचारला. "आणि उथळ पाण्यातच एवढा जाड थर साचला, तर समुद्र भरून नाही का जायचा?"

मला उत्तर येत नव्हतं. ते कबूल करायला मी फार नवी होते. मी म्हटलं, "टिपणात आहे तसं लिही. जास्त शहाणपणा नको." वर्ग हसला. तो खाली बसला. सहामाहीत त्यानं माझं वाक्य शब्दन् शब्द उतरवलं आणि मी त्याला पूर्ण गुण दिले.

दहावीनंतर तो मुंबईला गेला एवढं कळलं. पुढचं मला ठाऊक नाही. आज तोही साठी ओलांडलेला असेल.

माझा एक भाचा भूगर्भशास्त्र शिकला आणि त्याची सगळी नोकरी तेलाच्या विहिरींवर झाली. मी निवृत्त झाल्यावर एका मे महिन्यात तो चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. दुपारी ओटीवर बसल्या बसल्या मी त्याला ही हकीकत सांगितली. तो आधी हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, "मावशी, त्याचे दोन्ही प्रश्न बरोबर होते. आमच्या शास्त्रात याच दोन प्रश्नांवर ग्रंथ लिहिले गेलेत." मग जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून त्यावर त्यानं मला चित्र काढून दाखवलं. ते पान अजून माझ्याकडे आहे. त्यानंतर मीही जमेल तसं वाचत गेले. त्यातून जे समजलं ते माझ्या शब्दांत मांडते. शास्त्र भाच्याचं, उपमा माझ्या.

ही गोष्ट सुरू होते आपल्या काळ्या कातळापासून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, त्यातूनच आजचा सह्याद्री कोरला गेला. तेव्हा पश्चिमेला आजचा अरबी समुद्र असा नव्हता. हल्ली बेटांच्या रूपात उरलेला सेशेल्सचा भूभाग आपल्या पश्चिम अंगाला चिकटलेला होता. लाव्हाच्या त्या धामधुमीच्या सुमारास आणि त्यानंतरच्या काळात हा तुकडा आपल्यापासून तुटला आणि दूर जाऊ लागला. आज तो मुंबईपासून तीन हजार किलोमीटरहून लांब आहे.

पण जमीन काही पाटीसारखी खटकन मोडत नाही. कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ताणून पाहा. तुटायच्या आधी तो मध्ये पातळ होत जातो. तसंच इथं झालं. वरचा कडक थर ताणला गेला तेव्हा त्याला किनाऱ्याशी साधारण समांतर अशा लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांच्यामधले ठोकळे वरखाली सरकले. पुस्तकांच्या ओळीचा टेकू काढला की काही पुस्तकं कलंडतात, काही खाली घसरतात, एखादं मध्येच ताठ उभं राहतं, तसं. खाली गेलेल्या पट्ट्यांना आपण शाळेत खचदरी म्हणतो आणि वर राहिलेल्याला गट पर्वत. नर्मदेची खचदरी आपण मुलांना शिकवतोच. तशाच खचदऱ्या आपल्या किनाऱ्यासमोर समुद्राखाली आहेत हे मात्र मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

या ताणाच्या खुणा जमिनीवरही दिसतात. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर कसे आडवे, एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारखे दिसतात. पण पनवेलच्या आसपास तेच थर समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. राजापूर, उन्हवरे, वज्रेश्वरी ही आपली उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, याच पट्ट्यात एका ओळीत यावेत तशी आहेत. तज्ज्ञ त्यांचाही संबंध जमिनीतल्या खोल भेगांशी जोडतात. लहानपणी उन्हाळ्यावर आंघोळ करताना आपण कुठल्या भेगेवर उभे आहोत याची काय कल्पना असणार!

तर मुंबईसमोरच्या समुद्राखाली असे काही खड्डे आहेत आणि काही उंचवटे. यातला एक मोठा उंचवटा म्हणजे बॉम्बे हाय, आताचं मुंबई हाय. 'हाय' म्हणजे नुसता उंचवटा. आमच्या वर्गात मुलांनी या शब्दाचा अर्थ विचारला होता तेव्हा मी ते तेलकंपनीचं नाव आहे असं सांगून मोकळी झाले होते. आता हिशेब मांडायला बसलेच आहे, तर तीही चूक इथं नोंदवून ठेवते.

ताणलेली जमीन एकदा खचून थांबली नाही, ती पुढे कोट्यवधी वर्षं हळूहळू खचत राहिली. का? दोन कारणं. ताण पडला तेव्हा खालचा तप्त भाग वर आला होता. तुटलेले भाग एकमेकांपासून दूर गेले तसा तो थंड होत गेला, आणि थंड होणारा खडक आकसतो, जड होतो, खाली बसतो. तव्यावर फुगलेली भाकरी खाली उतरवली की हळूच बसते ना, थोडंफार तसंच. (भाकरीत वाफ असते, खडकात नसते, भाचा वाचेल तर रागावेल.) दुसरं कारण म्हणजे वर साचणाऱ्या गाळाचं ओझं. जितका गाळ साचला तितकी जमीन आणखी दबली.

सुरुवातीला, पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी, या खचदऱ्यांत दलदली होत्या, खाड्या होत्या. नद्यांनी आणलेली वाळू आणि काळा चिखल त्यांत साचला. त्या चिखलात झाडाझुडपांचे आणि पाण्यातल्या बारीक जीवांचे अवशेष कुजायच्या आत गाडले गेले. हा काळा चिखल ध्यानात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

जमीन खचत गेली तसा समुद्र आत आला. प्रथम खड्ड्यांत, मग उंचवट्यांच्या माथ्यावर. आता चुनखडकाची पाळी आली.

चुनखडक तयार व्हायला काय लागतं? पाणी उबदार हवं, उथळ हवं आणि स्वच्छ हवं. आपण त्यावेळी आजच्यापेक्षा बरेच दक्षिणेला, विषुववृत्ताजवळ होतो. म्हणजे ऊब होतीच. उथळ का हवं? कारण चुना पाण्यातून काढून अंगावर चढवणारे बरेचसे जीव उजेडावर जगतात. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं. फोरामिनिफेरा नावाचे एकपेशी जीव आहेत, त्यांच्यातल्या मोठ्या जातींचंही तसंच. काही शैवालं तर स्वतःच चुन्याची असतात. आमच्या आठवीतल्या मुलानं तिसऱ्यांचं नाव घेतलं होतं. मुंबईसमोरच्या चुनखडकात मुख्य वाटा तिसऱ्यांचा नसून या बारीकसारीक मंडळींचा आहे, पण त्याचा मुद्दा तसूभरही चुकलेला नव्हता. ही सगळी उजेडातली, उथळ पाण्यातली वस्ती.

या फोरामिनिफेरांपैकी एक न्युम्युलाइट. अगदी नाण्यासारखा गोल चपटा. नावाचा लॅटिन अर्थही 'छोटं नाणं' असाच. इजिप्तच्या पिरॅमिडांचा दगड अशाच नाण्यांनी भरलेला आहे. स्ट्रॅबो नावाचा जुना ग्रीक भूगोलकार दोन हजार वर्षांपूर्वी तिथं गेला तेव्हा लोक त्याला सांगत, की ही पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातून उरलेली मसूर आहे, ती दगड झाली.  मुंबईच्या समुद्राखालच्या जुन्या चुनखडकातही ही नाणी आहेत, आणि कच्छमध्ये तर ती जमिनीवरच सापडतात.

आता राहिला स्वच्छ पाण्याचा प्रश्न. गढूळ पाण्यात उजेड पोचत नाही आणि चिखलानं हे जीव गुदमरतात. उत्तरेला, आज जिथं तापी आणि नर्मदा समुद्राला मिळतात, तिकडून त्या काळीही नद्यांचा गाळ येत होता. म्हणून सुरत-दमणच्या समोर त्या काळातले खडक बघितले तर चिखलाचे आणि वाळूचे जास्त. मुंबई हाय मात्र त्या गाळाच्या वाटेपासून दूर, वर उचललेला आणि चहूबाजूंनी मोकळं पाणी असलेला. गाळ आजूबाजूच्या खड्ड्यांत बसायचा, उंचवट्यावर पाणी नितळ. तिथं चुन्याचा कारखाना सुरू झाला आणि मधूनमधून बंद पडत, पुन्हा सुरू होत, तो तीन कोटी वर्षांच्या आसपास चालला.

आणि आता त्या मुलाचा दुसरा प्रश्न. उथळ पाण्यात जाड थर साचला तर समुद्र भरून का गेला नाही?

कारण तळ खाली जात होता. समुद्र कधीच खोल नव्हता. वर चुना साचत होता आणि त्याच वेळी खालची जमीन खचत होती, म्हणून पाणी कायम उथळच राहिलं. आजी जातं दळताना पीठ जसजसं साचे तसतसं ते बाजूला सारत राहायची, तेव्हा कुठे पुढचं दळण पडायचं. इथं पीठ कुणी बाजूला सारलं नाही, परातच खाली सरकत गेली.

हिशेब करून पाहिला तर गंमत कळते. समजा एक किलोमीटर जाडीचा चुनखडक दोन कोटी वर्षांत साचला. म्हणजे वर्षाला मिलिमीटरचा विसावा भाग. शंभर वर्षांत पाच मिलिमीटर, एका तांदळाच्या दाण्याएवढं! मी, माझी आई आणि माझी आजी अशा तीन पिढ्यांनी मिळून जरी तिथं उभं राहून पाहिलं असतं तरी जमीन खचते आहे हे आम्हाला कळलं नसतं. चुना करणाऱ्या जीवांना तर हा वेग म्हणजे काहीच नाही. परिस्थिती चांगली असेल तर ते याच्या कितीतरी पट वेगानं बांधतात. म्हणून तळ खचत असूनही ते बुडाले नाहीत.

भाच्यानं मला तेव्हाच सांगितलं, की हा प्रश्न चार्ल्स डार्विनला पडला होता. (उत्क्रांतीवाला डार्विन, तोच.) प्रवाळ उथळ पाण्यातच जगतं, मग भर महासागरात, जिथं आजूबाजूला हजारो फूट पाणी आहे तिथं प्रवाळबेटं कशी उभी राहिली? डार्विननं १८४२ साली पुस्तक लिहून उत्तर दिलं. आधी तिथं ज्वालामुखीचं बेट होतं, ते हळूहळू खचत गेलं आणि प्रवाळ त्याच गतीनं वर बांधत राहिलं. बेट पाण्याखाली गेलं, प्रवाळाचं कडं तेवढं वर उरलं. अनेकांना हे पटलं नाही. मग लोक म्हणाले, भोक पाडून बघू या. १८९६ ते १८९८ या काळात पॅसिफिकमधल्या फुनाफुती बेटावर अकराशे फुटांहून खोल भोक पाडलं, तरी चुनखडक संपेना. शेवटी १९५२ साली एनिवेटॉक या बेटावर बाराशे मीटरहून खाली गेल्यावर चुनखडक संपला आणि खाली लागला काळा बेसाल्ट, ज्वालामुखीचा दगड. डार्विनचं म्हणणं खरं ठरायला एकशे दहा वर्षं लागली.

मुंबई हायवर भोकं पाडली तेव्हा चुनखडकांच्या थरांखाली बऱ्याच ठिकाणी काय लागलं असेल? आपलाच दख्खनचा काळा कातळ. एकीकडे महासागरातला ज्वालामुखी, दुसरीकडे फाटलेल्या भूखंडाची कड. खचण्याची कारणं वेगळी, पण वरचा हिशेब तोच. जो प्रश्न डार्विननं जगभर फिरून विचारला तो आमच्या खाडीकाठच्या मुलानं तिसऱ्या गोळा करता करता विचारला होता आणि मी त्याला खाली बसवलं होतं.

भरून जाण्याबद्दल त्याची शंका अगदीच चूक होती असंही नाही. काही वेळा तसं झालंही. जगभरच्या समुद्राची पातळी कमीजास्त होत असते. ती उतरली की उंचवट्याचा माथा उघडा पडे. मग त्यावर पाऊस पडे. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ते किंचित आंबट असतं, आणि आंबटानं चुना विरघळतो. लिंबाचा रस फरशीवर सांडला की डाग का पडतो, ते घरातल्या बायकांना विचारा. अशा वेळी चुनखडकात बारीक भोकं, पोकळ्या, फटी तयार होत. समुद्र परत आला की वर नवा थर. मध्येच कधी चिखलाचा पातळ थर. असं कितीतरी वेळा झालं. वर पाहिलेलं तळ्याचं माझं चित्र इथं मोडून पडतं. खाली तळं नाहीच. विटेवर पाणी टाकलं की ती जशी पिऊन टाकते, तसं त्या भोकाभोकांच्या दगडात तेल भरलेलं असतं.

पण तेल आलं कुठून? तो सुरुवातीचा काळा चिखल आठवा. उंचवट्यावर चुना साचत होता तेव्हा बाजूच्या खड्ड्यांतला तो चिखल अधिकाधिक खोल गाडला जात होता, काही ठिकाणी कित्येक किलोमीटर. तिथल्या उष्णतेनं आणि दाबानं त्यातल्या अवशेषांचं लाखो वर्षांत तेल आणि वायू झाला. तेल पाण्यापेक्षा हलकं. ते फटींतून वर, बाजूला सरकत सरकत शेजारच्या उंचवट्याकडे गेलं आणि त्या सच्छिद्र चुनखडकात शिरलं.

तेही पुढे वर निसटून समुद्रात गेलं असतं. पण दीड-एक कोटी वर्षांपूर्वी परिस्थिती पालटली. गाळाचा लोंढा वाढला, पाणी गढूळ झालं, आणि इतकी वर्षं टिकलेला चुन्याचा कारखाना बंद पडला. वर चिकण चिखलाचे जाडच्या जाड थर बसले. चिखलातून तेल पार होत नाही. बरणीला झाकण बसलं. ज्या गाळानं त्या जीवांचा घात केला त्यानंच त्यांच्या दगडातलं तेल आपल्यासाठी राखून ठेवलं.

या थरांना शास्त्रज्ञांनी नावं दिली आहेत. भाच्यानं ती कॅलेंडरवर खालपासून वर लिहिली तेव्हा मला एस.टी. स्टँडवरच्या पाटीची आठवण झाली. वसई (ते तिला बॅसीन म्हणतात), अलिबाग, रत्नागिरी, वांद्रे, चिंचणी. किनाऱ्यावरच्या गावांची नावं समुद्राखालच्या खडकांना! बॉम्बे हायचं मुख्य तेल ज्या चुनखडकात आहे तो रत्नागिरी नावाच्या थरातला, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा. सारा जन्म मी रत्नागिरीत शिकवलं, आणि ज्या रत्नागिरीबद्दल मी मुलांना चुकीचं लिहून दिलं ती ही दुसरी रत्नागिरी.

आणखी एक गोष्ट मनात येते. आमच्या कोकणात सगळा काळा कातळ आणि जांभा. चुनखडक जवळजवळ नाहीच. म्हणून आमच्या लहानपणी चुना हवा तर शिंपल्या भट्टीत भाजत. भिंतीला तोच, पानाला तोच. चुन्यासाठी आम्ही किनाऱ्यावर शिंपल्या वेचत होतो, आणि समोर समुद्राखाली चुन्याचा अख्खा डोंगर पुरलेला होता.

तो शोधला कसा, हेही थोडक्यात सांगते. तेल आणि नैसर्गिक वायू आयोग १९५६ साली झाला. १९६०च्या दशकात एका रशियन जहाजानं मुंबईसमोरच्या समुद्रात आवाजाच्या लाटा तळाखाली सोडल्या, त्यांचे पडसाद टिपले आणि त्यावरून हा उंचवटा कागदावर उमटला. पण तिथं पाणी सुमारे पंचाहत्तर मीटर. तेवढ्या पाण्यात उभं राहून खोदणारं यंत्र आपल्याकडे नव्हतं. ते जपानमध्ये हिरोशिमाला बांधून घेतलं. त्याचं नाव सागर सम्राट. १९७३ साली ते आलं आणि पुढच्याच फेब्रुवारीत, तळाखाली किलोमीटरभराहून जास्त खोदल्यावर, त्या सच्छिद्र दगडात तेल लागलं. २०१५ साली एक रुपयाची नोट पुन्हा निघाली, तिच्या मागच्या बाजूला या सागर सम्राटचं चित्र आहे. माझ्याकडे एक कोरी नोट आहे. त्या न्युम्युलाइटच्या नाण्यांशेजारी ही नोट ठेवून बघावंसं वाटतं.

१९८०चं दशक संपताना इथलं उत्पादन सर्वांत जास्त होतं. पुढे ते उतरत गेलं, नव्या विहिरी आणि नव्या युक्त्या यांनी सावरलं, आजही तेल निघतं आहे. सगळं तेल काही बाहेर येत नाही. निम्म्याहून जास्त त्या बारीक भोकांतच अडकून राहतं. जे येतं ते साचायला कोट्यवधी वर्षं लागली, आणि आपण ते उपसायला लागून पन्नासच वर्षं झाली. कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग झाला, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून उपशाबद्दल नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही. पण हिशेब माहीत असावा. शंभर वर्षांत तांदळाचा एक दाणा, या वेगानं जे रचलं गेलं त्याच्यातलं तेल आपण एका आयुष्यात वापरतो आहोत.

असो. लेख लांबला. शिक्षकाला थांबा म्हणायला घंटा लागते, निवृत्तीनंतर ती वाजत नाही.

न्यायाला धरून एवढं सांगायला हवं, की खोल समुद्राच्या तळाशी साचलेले चुनखडकही जगात आहेत. पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव मरून तळाशी बसतात, त्यांचा खडू होतो. म्हणजे माझं वाक्य सगळीकडे खोटं नव्हतं. ज्या तेलाबद्दल मी बोलत होते तिथं मात्र ते खोटं होतं. आणि खरं-खोटं राहू दे, समोरचा मुलगा स्वतःच्या पायांनी खाडीत उतरून पाहिलेली गोष्ट सांगत होता आणि मी त्याच्यासमोर वही धरली. "मला माहीत नाही, आपण शोधू या," एवढंच म्हणायचं होतं. नोकरीची पुढची तीसएक वर्षं मी ते वाक्य म्हणायला शिकले. ज्याच्यामुळे शिकले त्याच्यासाठी ते वेळेवर आलं नाही.

गेल्या रविवारी बाजारात तिसऱ्या मिळाल्या. सुनेनं एकशिपी केली होती. शिंपल्या मी टाकून देत नाही, धुऊन, ठेचून जास्वंदीच्या मुळाशी घालते. नातवानं विचारलं, "आजी, या जमिनीत गेल्या की दगड होतात का?" मी त्याला म्हटलं, बैस, आणि कपाटातून ते जुनं कॅलेंडरचं पान काढलं.